आमचे मालक गरोदर होते तवा

हसू नका. आदी ऐका, मग काय हसायचं ते हसा. दुष्काळ सरला त्याच्या फुडच्या गड्ड्याच्या जत्रेला आमच्या घरात दोगं गरोदर होतो, एक मी आणि एक आमचे मालक. त्यातलं खरं कोण आणि सोंग कोण, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाय, पण तुमाला कळायला पायजे म्हणून सांगते, शिवलिंगप्पा. मिलमध्ये मागावर होते. अंगानं उंच, हात राठ, पण लुगडं नेसून मान वळवली की चाळीतल्या बाया कामं टाकून बगत बसायच्या. मिलच्या लोकांचं नाटकमंडळ होतं आणि त्यात बायांची कामं पुरुषच करायचे. वीरभद्रप्पा मास्तरांनी त्या साली नवं नाटक लिहिलं. जुन्या काळातलं कुठलं तरी राज्य, एक मांत्रिक, बोलणारं झाड, उडता घोडा. त्या मांत्रिकानं राणीची बाळंत व्हायची घटकाच चोरून कुपीत कोंडलेली, म्हणून राणी बारा वर्षं गरोदर. ती राणी म्हणजे आमचे मालक.

पहिला खेळ दुधनी गावाला झाला. हे पोटाला उशी बांधून पळत आले, राजाच्या पाया पडले आणि टुणकन उठून उभे राहिले. फुडं बसलेली एक म्हातारी ओरडली, "यव्वा! बारा वर्षांचं पोट घेऊन शेळीवानी उड्या मारतीस की गं!" सगळा मंडप हसून लोळला. घरी आले ते तोंड पाडून. ताटाला हात लावला न्हाय.

"गौरा," म्हणले, "घोडा उडतो ते लोकांना चालतं, आणि माझं पोट चालत न्हाय. असं कसं गं?"

 मला त्या वेळी पाचवा होता, आणि ते कुणाला सांगायचं न्हाय असा घरात हुकूम होता.

हुकूम आमच्या अत्तीचा, म्हणजे सासूबाई शरणम्मांचा. माझी आदीची दोन बाळं सातवा लागला आणि गेली. पोटातच गेली. अत्तीचं म्हणणं, दोन्ही वेळी ओटी भरायचा कुबसा थाटात केला, हिरव्या बांगड्या, हिरवं लुगडं, डोहाळजेवणाला सगळी चाळ जेवली, आणि कुणाची तरी नजर लागली. आता ह्या वेळी काय करायचं न्हाय. सैल लुगडं नेसायचं, लोकांत जायचं न्हाय, दवाखान्याचं तर नावच न्हाय, तितं सगळा गाव बसलेला असतो. आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, की घरात दुसरं पोट हाय की! लोकांना काय बगायचं ते त्या उशीकडं बगू दे. नजर पडायची ती लेकाच्या सोंगावर पडू दे.

झालं. माझ्यासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या मोठ्या मापाच्या बदलून आणल्या आणि मालकांच्या हातात भरल्या. मला इतका राग आला म्हणून सांगू! आणि रागावू तर कुणावर? ती बाई माझं लेकरू जगावं म्हणूनच करत होती. मलाही ते जगायलाच पायजे होतं. ह्या वेळी गेलं असतं तर मी बी राहिले नसते, हे खरं सांगते.

मालकांनी मात्र उशीचं लई मनावर घेतलं. उशी फाडून त्यात बाजरी भरली, वजन यावं म्हणून. मिलमधून आले की ती बांधायची आणि माझ्या मागं मागं. मी भाकरी थापायला बसले की हे बाजूला बसणार. मी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठले की हे बी तसंच उठणार.

"आत्ता कमरेवर हात का ठेवलास?"

"दुखती म्हणून!"

"खालच्या बाजूला का मधी?"

"अहो, चुलीत घालू का तुमची राणी?" मी ओरडायची. पण सांगायची. जिना चढताना दम कुठं लागतो, झोपताना पाय कुठं टाकावा कळत न्हाय, आंबट नको वाटतं आणि राख खावीशी वाटती, सगळं सांगायची. दुसरं कोण विचारत होतं मला? मग हे मास्तरांशी भांडायचे. मास्तर म्हणायचे, राणी हाय, राणीनं कण्हायचं न्हाय. हे म्हणायचे, मास्तर, राणीला पाठ नसती का? फुडं फुडं तर ह्यांना सकाळी खरंच उलट्या व्हायला लागल्या. चाळीतल्या बाया मलाच विचारायच्या, "काय गौरम्मा, कितवा ह्यांना?" मी सैल पदर सावरत हसायची. घरात आले की रडू यायचं. का, ते काय की.

गड्ड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी खेळ झाला. मी अत्तींच्या आड शाल गुंडाळून बायांत बसले. राणी आली. हळू, पाय फाकून, एक हात मागं. कुणी हसलं न्हाय. दुसऱ्या अंकात राणीचा कुबसा होता. मास्तरांनी हाक दिल्यावर खऱ्याच बाया उठून स्टेजवर गेल्या, खण आणि खोबरं घेऊन ह्यांची ओटी भरायला लागल्या. एकीनं तर गालावरून हात फिरवून विचारलं, "बाळंतपणाला माहेरी जाणार की हितंच?" अत्ती खूश होऊन बगत होत्या. माझ्या पोटात तवा लेकरू जोरात हललं, आणि मला वाटलं, बाई गं, हे तरी माझंच हाय ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी हे खेळाची तयारी करत बसले. राणीचे पाय सुजलेले दाखवायचे म्हणून स्वतःच्या घोट्याला चिंध्या गुंडाळत होते. लुगडं नेसून झालेलं, उशी बांधलेली. "पाय बगू तुझा," म्हणून माझा पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"हे काल एवढं नव्हतं," म्हणले. मग माझी बोटं बगितली, तोंड बगितलं. "डोळे बी सुजलेत. डोकं दुखतंय?"

"सकाळपासून. डोळ्याफुडं काजवे चमकतात."

 चिंध्या तशाच सोडून दिल्या. "हे राणीचं न्हाय," म्हणले. "हे काहीतरी वेगळं हाय. चल दवाखान्यात."

अत्ती दारात आडव्या आल्या. "दोन गेली, आता हे बी घालव! सगळ्या गावाला दाखवतोस?"

"अव्वा, नजर माझ्यावर राहू दे की," हे म्हणले. "बांगड्या मी घालतो, ओटी मी भरून घेतो. पण पोट हिचं हाय. डॉक्टरला हिलाच बगू दे."

टांग्यात दोगी पोटुशा बाया बगून टांगेवाला म्हणला, सावकाश नेतो आक्का. सरकारी दवाखान्यात तर नर्सनं ह्यांचाच दंड धरला आणि म्हणली, तुमी आदी बसा, तुमचे दिवस भरलेत. हे घोगऱ्या आवाजात ओरडले, "मी न्हाय वो बाई, ही! हिला बगा!" तिच्या हातातलं भांडं पडलं.

रक्ताचा दाब लई चढला होता. डॉक्टरीणबाई म्हणली, उद्या आणलं असतं तर आई आणि बाळ दोगं गेली असती. पोरगी झाली. वेळेआदी, मुठीएवढी, पण रडली. तिकडं गड्ड्यावर राणीशिवाय खेळ मोडला आणि मास्तरांनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं.

अत्ती म्हणतात, नजर उशीला लागली म्हणून पोरगी वाचली. डॉक्टरीण म्हणती, दाब. मला तर त्या वेळी काहीच सुधरत नव्हतं. मी खाटेवर पडून ह्यांना विचारलं, "तुमी पाय कुणाचा बगत होता? माझा का राणीचा?"

हे खाली बसले होते, लुगड्यातच. हातातल्या हिरव्या बांगड्या मागं सारल्या. मग खाली बगूनच म्हणले, "गौरा, त्या गेलेल्या दोगांच्या वेळी बी तुझे पाय सुजले होते का गं?"

मी लई आठवून बगितलं. मला आठवेना.