काल घरी गेलेल्या बाईचं रक्त

रुग्णालयात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत ती सगळ्यांची 'बंद-चालू बाई'. कुठलाही कॉम्प्युटर रुसला आणि तिला फोन केला की तिकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बंद करून परत चालू करा बघू!" दहांतल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागायचं. दहाव्या वेळी ती गुडघ्याला शिव्या देत जिना चढून यायची.

वय एक्कावन्न. नोकरीला लागली ती टायपिस्ट म्हणून. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा बरोबरीच्या बायका निमूट दुसऱ्या खात्यात गेल्या. हिनं मात्र हट्टानं कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत काय असतं ते शिकून घेतलं. पण शिक्षणाचा कागद काही हातात नाही. त्यामुळे डॉक्टर मंडळींसमोर उभं राहिलं की आजही तिचा आवाज आपोआप खाली येतो. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहते. बहीण म्हणते, "हिला यंत्र द्या, माणूस देऊ नका." बहिणीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नऊला फोन आला तो रक्त तपासणीच्या काकांचा. काका तिच्याहून जुने, पण घाबरलेले तिनं पहिल्यांदाच ऐकले.

"बाई, बाळंतिणींच्या वॉर्डातून सात नळ्या आल्यात. त्यातली एक अशा बाईची आहे, जी काल दुपारीच घरी गेली."

"घरी गेली?"

"बाळाला घेऊन गेली. आणि आज सकाळी सातला तिचं रक्त काढलंय म्हणे! तुमच्या कॉम्प्युटरला भूतबाधा झालीय का बघा."

ती हसली. हसायचं नव्हतं, हे तिला दहा मिनिटांनी कळलं.

चौथ्या मजल्यावर सिस्टरच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी लेबलं छापायचं छोटं यंत्र. तिनं लेबलांचा प्रोग्राम कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून बंद केला. खिडकी गेली, पडदा स्वच्छ. इतर कुणी असतं तर हात झटकून खाली गेलं असतं. पण आत काय काय चालू आहे त्याची यादी तिनं उघडली, आणि यादीत तोच प्रोग्राम बसलेला होता. एकदा नाही, दोनदा. एक आत्ता बंद केलेला, तो तिच्या डोळ्यांदेखत यादीतून गेला. दुसरा काल सकाळी सुरू झालेला, तो हलायला तयार नव्हता.

"काल काय झालं होतं?" तिनं विचारलं.

सकाळपाळीची सिस्टर चटकन म्हणाली, "माझी पाळी नव्हती. लेबलांचा रोल मध्येच संपला, प्रोग्राम अडकला, म्हणून दुपारच्या सिस्टरनी बंद करून परत चालू केला. रोल मी आज सकाळी घातला. तुमच्याच पाटीवर लिहिलंय ना तसं!"

पाटी समोरच्या भिंतीवर होती. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून प्रत्येक मजल्यावर चिकटवलेली. 'अडकल्यास फुलीवर दाबून बंद करा व पुन्हा चालू करा.'

तिला सगळं एकदम दिसलं. प्रोग्रामच्या हातात एक लेबल छापायचं राहिलं होतं, म्हणून तो खिडकी मिटून आत तसाच बसून राहिला. सकाळी रोल घातल्याबरोबर त्यानं आधी आपलं कालचं लेबल बाहेर काढलं, घरी गेलेल्या बाईचं. त्यामागून आजची सात आली.

"सिस्टर, लेबलं चिकटवता कशी? नाव वाचून?"

"सात-सात बायका, एक रडतेय, एकीचं बाळ रडतंय, नाव कुठे वाचत बसू? नळ्या खाटांच्या क्रमानं ठेवते, लेबलं त्याच क्रमानं निघतात. पहिल्या नळीला पहिलं. सगळे असंच करतात."

"शेवटी एक उरलं असेल."

"उरलं होतं. यंत्रानं जास्तीचं काढलं असेल म्हणून इथे कडेला लावलं."

टेबलाच्या कडेला ते लेबल होतं. सातव्या खाटेच्या बाईचं.  म्हणजे चूक एका नळीची नव्हती. पहिल्या नळीवर कालची बाई, दुसरीवर पहिलीचं नाव, तिसरीवर दुसरीचं, शेवटपर्यंत सगळीच्या सगळी रांग एका घरानं सरकली होती.

"यातल्या कुणाला रक्त चढवणार आहेत का?"

सिस्टरनं रिकाम्या चौथ्या खाटेकडे बोट केलं. तिथल्या मुलीला अर्ध्या तासापूर्वी ऑपरेशनला नेलं होतं. रक्तस्राव थांबत नव्हता. सकाळच्याच नळीवरून रक्त जुळवून पिशवी मागवली होती. चौथीच्या नावाची नळी, आणि आत रक्त पाचवीचं!

सिस्टर ऑपरेशनच्या खोलीत फोन लावू लागली. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. लिफ्ट तळमजल्यावर. ऑपरेशनची खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन मजले खाली. बंद-चालू बाई आयुष्यात धावली नसेल तशी धावली, हातात ते चिकट लेबल धरून.

दारावरच्या मावशींनी अडवलं. "चपला काढा. आणि तुम्हाला आत सोडायची परवानगी नाही."

"पिशवी लावली का?"

"कोणती पिशवी?"

तिनं चपला उडवल्या आणि दार ढकललं. पिशवी खांबावर टांगलेली होती. नळी जोडायची तेवढी बाकी होती.

"लावू नका!" ती ओरडली. स्वतःचा एवढा मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "कोण तुम्ही?"

"कॉम्प्युटरवाली. लेबलं सरकलीत. हे रक्त हिचं नाही, म्हणजे, हिच्यासाठी जुळवलेलं नाही."

"खात्री आहे तुमची? ही मुलगी माझ्या हातातून चाललीय. तुमच्यामुळे मी दहा मिनिटं थांबले आणि तुमचं चुकलेलं निघालं, तर?"

खात्री! तिनं पाहिलं काय होतं? एक यादी आणि टेबलाच्या कडेचं एक लेबल. मधली सहा लेबलं सरकलीच असतील, हे तिनं डोक्यात जुळवलेलं गणित होतं. चुकलं तर ही मुलगी तिच्या आगाऊपणापायी जाणार, आणि गप्प बसली तर तिच्या पाटीपायी.

"चुकलं तर खापर माझ्या डोक्यावर फोडा," ती म्हणाली. "पण आत्ताच्या आत्ता हिचं रक्त काढून गट बघा. हिचंच, इथे, तुमच्यासमोर."

डॉक्टरीणबाई शेजारच्या नर्सकडे वळल्या आणि म्हणाल्या, "काढा."

निरोप मिळताच काका धापा टाकत आपली काचपट्टी घेऊन आले. थेंब पडला.  यंत्राची टिकटिक आणि डॉक्टरीणबाईंचं "दाबून धरा, दाबून धरा" एवढंच. ती भिंतीला टेकून अनवाणी उभी होती आणि मनात म्हणत होती, माझं खरं निघू दे. लगेच दुसरं मन म्हणे, खरं निघालं तर सहा वर्षांचं काय?

"गट ओ," काका म्हणाले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "ही बी आहे."

पिशवी खाली उतरली. दुसरी आली, आणि बंद-चालू बाई बाहेर येऊन थांबली. पाऊण तासानं डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि "वाचली" एवढंच म्हणाल्या. तिच्या जिवात जीव आला. ती बाकावर बसली.

शेजारी मुलीची आई होती. कुणीतरी तिला सगळं सांगितलं असावं. तिनं बंद-चालू बाईचे दोन्ही हात धरले. "तुम्ही देवासारख्या धावून आलात हो ताई. माझी लेक तुमच्यामुळे आहे."

हात धरू द्यावेत आणि गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. कुणाला काही कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझीच होती. फुली दाबा, बंद होईल, असं मीच सगळ्यांना लिहून दिलंय. ते बंद होत नव्हतं, आणि मी कधी आत बघितलं नाही."

आईनं हात सोडले. 

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"मग माझ्या लेकीच्या आधी असं कुणाचं झालं असेल?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि चपला न घालताच जुन्या नोंदी मागायला तळमजल्याकडे निघाली.