बर्फाच्या पेटीशेजारची सीट

दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, की किस्से आपोआप साठतात. ऐकायला माणूस मात्र शोधावा लागतो. घरी आता मी एकटाच, तेव्हा बरे सापडलात!

साल २००९. स्वाइन फ्लूचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून एसटीनं पुण्याच्या लॅबला पोचवायचं काम माझ्याकडं आलं. शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्रीवाला नमुन्यासाठी नाकात काडी जाताच ओरडला, "अवो, सर्दी बघताय का मेंदू!"

*

एकदा मी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं, "माणसं बरी व्हायला लागल्यात की. मग नमुने कशाला पाठवायचं?"

"विषाणू बदललाय का, ते बघायला," मॅडम म्हणाल्या. "तो स्वतःच्या नकला काढत सुटतो आणि त्यात चुकतो. किल्लीवरून किल्ली, तिच्यावरून आणखी एक, असं करत गेलं की होतं तसं. बहुतेक चुकलेल्या किल्ल्या फुकट जातात. एखादी मात्र नव्याच कुलपाला बसते. त्यात डुकराच्या अंगात दोन-तीन फ्लूंची सरमिसळही होते. हा तसाच आला. रूप बदललं, की आपलं शरीर त्याला ओळखत नाही."

"मग माझंबी रूप बदललंय, मॅडम. गल्लीत कोण ओळख दावंना!"

मॅडम हसल्या. मी गंमत करत नव्हतो. तालमीच्या कट्ट्यावरचे दोस्त मला बघून खरंच उठून जायचे.

*

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय हाय?"

"फ्लू."

त्यानं लांबूनच तिकीट फेकलं. "पावणं, झेला! आन् पार मागं जाऊन बसा!"

पेटी पक्की बंद असायची, पण ऐकतंय कोण! मागच्या सीटा बघता बघता रिकाम्या झाल्या. जन्मभर उभ्यानं प्रवास केलेला मी, ऐसपैस बसलो. पुण्यापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. बायको गेल्यापासून घरात असते, तसलीच ती शांतता. सीट मिळून मला रडू आलं, असं पहिल्यांदाच झालं.

*

आणि मग एकदा कराडला एक म्हातारी चढली. तडक येऊन माझ्या शेजारी बसली.

"आजी, पुढं बसा. या पेटीत फ्लू हाय."

"आसू दे की. पुढं समदी झोपल्यात. बोलाय कोण तरी पायजे का नगं?"

सातारा येईपर्यंत ती बोलत होती. मीही बोललो, किती दिवसांनी! मग तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. पेटीकडं बघत म्हणाली,

"आन् त्येला?"