डांबर लावलेली होडी

गल्लीत डांबर उकळायला लागलं की मला रस्ता आठवत नाही, एकलहऱ्याच्या पुढची दारणेतली एक होडी आठवते. नदीपलीकडे आईचं माहेर. तिथवर न्यायला ती होडीच होती, म्हणून पूल झाला तेव्हा उद्घाटनाला मामाने आम्हालाही बोलावलं. नावाड्याने होडी उलटी करून तळाला नवं डांबर लावलं होतं. उद्यापासून हिला कोण विचारतंय, असं लोक हसून म्हणाले, तर तो म्हणाला, "मंत्रीसाहेब शेवटची फेरी मारणार हायेत. सरपंच सांगून गेलेत." त्याने होडीला झेंडूची माळ बांधली, फळीवर धुतलेलं पोतं अंथरलं. भाषणांत विकास पुष्कळदा आला, होडी एकदाही नाही. फीत कापून मंत्र्यांची गाडी पुलावरून थेट निघून गेली आणि तिच्यामागे सरपंचांचीही. मंडळी जिलबीकडे वळली. नावाडी गुडघाभर पाण्यात होडी धरून उभाच होता. आई पदर खोचून खाली उतरली आणि त्या पोत्यावर जाऊन बसली. मीही मागोमाग गेलो. "अवो ताई, पूल झाला ना आता," तो म्हणाला. "नवी चप्पल चावतेय रे, एवढं कोण चालणार?" आई म्हणाली. पलीकडे उतरताना ती सवयीने म्हणाली, "येते हं, दादा." त्यावर तो नेहमी "या" म्हणायचा. त्या दिवशी तो खाली मान घालून माळ सोडत राहिला. आता पुलावरून मामाच्या गावी पोचायला मिनिटही लागत नाही. जावं असं तिथे कोणी उरलेलं नाही.