कोल्ह्याला दिलेला धवला

“मास्तर, मड्यावर बसलेला आवाज उतरवायचा कसा?”

हौसा काशीराम घरत यांनी हा प्रश्न मला डिसेंबर २०२३ मध्ये, पनवेलच्या खाडीकाठी असलेल्या आपल्या घराच्या पडवीत विचारला. वन्यजीवांच्या रक्षणासाठी काढलेल्या माहितीपटांत संगीत नेमके कोणते काम करते, या अभ्यासासाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो. विचारायचे प्रश्न मी तयार करून नेले होते. त्यांत हा नव्हता.

हौसाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी गाण्याने पार पडतो. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. भटजी उशिरा आला तर मंडळी चहा पीत बसतात. धवलारीण उशिरा आली तर हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नाही. हौसाबाईंना हे गाणे सासूकडून मिळाले. दोघी मिठागरावर कामाला जात आणि बांधावरून परतताना सासू पुढे म्हणे, सून मागे म्हणे. पुढे मिठागरे बंद झाली, काशीराम वारले, गावाच्या चारी बाजूंनी इमारती आल्या. गाणे मात्र राहिले. गावातल्या कोणत्याही घरातली लग्नाची चित्रफीत लावावी, तिच्यात कुठेतरी हौसाबाईंचा आवाज असतोच. एकच लग्न त्यांनी मनात राखून ठेवले होते, नात मनस्वीचे. “मनूला हलद लावली, तिचा धवला म्हनला, की गला ठेवून दिला,” असे त्या म्हणत.

त्यांच्या आयुष्यात कोल्हा आला तो रेवामुळे. रेवा खारघरला राहणारी, तिशीतली चित्रपटकर्ती. खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलात जे सोनेरी कोल्हे आहेत, त्यांच्यावर ती माहितीपट करत होती. बांधकामासाठी टाकलेल्या भरावामुळे तिवरे आक्रसत होती, कोल्हे रस्त्यावर येत होते आणि वाहनांखाली मरत होते. रेवाची अडचण अशी की कोल्ह्यावर कोणाचे प्रेम नसते. रोहित पक्ष्याला संगीताची गरज पडत नाही. तो गुलाबी असतो, तेवढे पुरते. कोल्ह्याची बाजू मांडायला चित्राखाली काहीतरी घालावे लागते. पहिल्या आवृत्तीत तिने या प्रकारात रूढ असलेले विकतचे संगीत घातले होते: पिल्ले दिसली की बासरी, यंत्रे दिसली की ढोल, मरणाला व्हायोलिन. अशा संगीताची मेख ही की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही पुढे कोण मरणार ते कळते, आणि कळल्यामुळेच त्याला त्याचे काही वाटत नाही. पनवेलमधल्या पहिल्या खेळाला लोक मोबाइल पाहत बसले. एका गृहस्थांनी शेवटी विचारले, “छान आहे, पण शहरात कोल्हे हवेत कशाला?”

“त्या दिवशी मला कळलं,” रेवा मला म्हणाली, “की माझं व्हायोलिन कुठल्याही प्राण्याखाली चाललं असतं. ते या खाडीचं नव्हतंच.”

खाडीचा आवाज शोधत ती हौसाबाईंपर्यंत आली. तिला शोकगीत हवे होते.

“मेल्याचं गानं?” हौसाबाईंनी सुपातले तांदूळ निवडणे थांबवले. “घरान लग्नाची पोर हाय, आन मी रडगानं म्हनू? काय गो बाय, डोकं ठिकानावर हाय ना तुझं?”

“मग आजी, तुम्हाला वाटेल ते म्हणा. कोल्ह्यांसाठी हवंय.”

“त्याला कशाला गानं? रात्रभर तोच गातो मेला. आमालाच झोप नाय.”

स्वयंपाकघरातून सून अंकिता हसली. पंखा बंद झाला, कुकर उतरवला गेला, रेवाने ध्वनिमुद्रण सुरू केले आणि हौसाबाईंनी आवतणाचा धवला म्हटला. लग्नाच्या मांडवाला देवांना बोलावण्याचे हे गाणे. त्यात गावदेवीला बोलावणे जाते, एकवीरेला जाते, उंबराला, मिठागराच्या बांधाला आणि सगळ्यांत शेवटी खाडीला. चाल संथ, जवळजवळ एकाच सुरावर चालणारी. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरासा खाली उतरतो, जणू निरोप्या एकेका दारातून परत फिरतो आहे.

“यात कोल्ह्याला बोलावणं आहे का?” रेवाने विचारले.

“खाडीला आवतान दिलं म्हंजे तिच्यातल्या सगल्यांना दिलं. येकेकाचं नाव घेत बसली तर हलद सुकंल.”

रेवासाठी या उत्तराने चित्रपटाचा प्रश्न सुटला. गाणे वापरण्याची परवानगी मागताना तिने फोनवर तिवरांत खेळणाऱ्या पिल्लांचे चित्रण दाखवले. “लाव. पोरं गोजिरी हाईत,” हौसाबाई म्हणाल्या. घरात लग्नाची मुलगी असताना अशुभ काही तोंडून निघू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम शुभकार्यातले गाणे निवडले होते, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. हेही लक्षात ठेवले पाहिजे की मेलेल्या कोल्हिणीचे जे दृश्य पुढे गाजले, ते तोवर चित्रित झालेले नव्हते.

ते पुढच्या महिन्यात झाले. भरावाच्या रस्त्यावर कोल्हीण पडली आहे आणि तिचा जोडीदार शेजारी बसून आहे. एक डंपर भोंगा वाजवतो, तो उठतो, बाजूला होतो आणि पुन्हा येऊन बसतो. रेवाने या दृश्याखाली आवतणाचा धवला घातला. खाडीला बोलावणे जाते आहे आणि जिला बोलावले ती रस्त्यात पडली आहे. कलेच्या हिशेबाने ही निवड अचूक होती. संगीत इथे दुःख सुचवत नव्हते. त्याला दुःखाची खबरच नव्हती आणि म्हणून ते असह्य होत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये चित्रपट दाखवला जाऊ लागला, तेव्हा सभागृहांत लोक रडले. तेवढाच तुकडा फोनवरून घरोघर पोचला. भरावाचे काम काही महिने थांबलेही. ते चित्रपटामुळे थांबले की आधीपासून चालू असलेल्या तक्रारींमुळे, हे खात्रीने सांगता येत नाही.

रेवाने मोठ्या आनंदाने देवळाच्या पटांगणात पडदा लावून गावालाही चित्रपट दाखवला. पडद्यावर पिल्ले आली तेव्हा मुले ओरडली, “हौसाआजी गाते रे!” हौसाबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर होत्या. त्यांनी पदर सावरला. मग रस्ता आला, कोल्हीण आली आणि तोच आवाज चालू राहिला. मागे बसलेल्या मालूने शेजारणीला उठवले आणि दोघी निघून गेल्या.

मालू ही हौसाबाईंची चुलत पुतणसून. तिच्या मुलाची, प्रणितची हळद तोंडावर आली होती आणि धवला हौसाबाईंनीच म्हणायचा होता. दुसऱ्या दिवशी ती आली आणि उभ्यानेच बोलली.

“काकी, राग मानू नको. तू काय वायट केलं नाय. पन तू गायला लागलीस का मना तो रस्ता दिसतो. पोराच्या हलदीला तो कसा बगू?”

मालूने जे सांगितले ते या प्रकारच्या चित्रपटाचे ध्येयच असते. चित्र आणि सूर असे जोडायचे की एकामागून दुसरे आपोआप यावे, सभागृहातून घरी गेल्यावरही यावे. रेवाला ते साधले होते. ज्या आवाजाने ते साधले, त्याला मात्र त्याच गावात राहायचे होते.

सुरुवातीला सगळे चेष्टेवारी गेले. पोरे त्यांना ‘कोल्ह्याची धवलारीण’ म्हणू लागली. हौसाबाईही उलटून म्हणत, “मग आहेर आना ना कोल्ह्याकडून! फुकट गायली काय मी?” पुढे प्रणितच्या लग्नाला दुसऱ्या बाईला बोलावले, त्यानंतरच्या लग्नालाही, आणि चेष्टा थांबली. भरावाकडे जमिनीच्या भावासाठी डोळे लावून बसलेल्या घरांनी हा सूड घेतला, असे काहींचे म्हणणे आहे. मालूच्या घराची जमीन तिथे नव्हती, एवढे मी नोंदवतो.

रेवाला कळले तेव्हा ती रडली आणि तिने चित्रपटातून गाणे काढून टाकले. नव्या आवृत्तीत त्या दृश्याला फक्त वारा आणि डंपरचा भोंगा आहे. ती आवृत्ती मी दोन ठिकाणी पाहिली. सभागृह शांत होते, पण ती शांतता कंटाळ्याची होती. कोल्ह्याचे गाणे गेले आणि हौसाबाईंचे परत आले नाही, कारण जुना तुकडा लोकांच्या फोनमध्ये होता तसाच राहिला.

मनस्वीचे लग्न उरणकडच्या घरात ठरले. मी पडवीत बसलो होतो त्या दुपारी हौसाबाईंचा मुलगा दादू तिच्या होणाऱ्या सासरहून आला. बराच वेळ तो चपलांचे पट्टे सोडवत राहिला.

“त्यांची आय म्हनते,” तो शेवटी म्हणाला, “आजीनं मानानं पुढं बसावं. धवल्याला बाई ते आनतील.”

“मग मी हळदीला बसतच नाही,” मनस्वी आतून बाहेर आली. “बाबा, त्यांना सांगा. आजी गाणार असेल तरच. एका व्हिडिओसाठी हे काय चाललंय?”

“मनू, गप.”

“का गप? आजी, तूच सांग ना त्यांना!”

हौसाबाईंनी नातीला जवळ बसवले. तिच्या दंडावरून त्या हात फिरवत राहिल्या, हळद लावताना फिरवतात तसा, वरून खाली.

“तुझ्या सासूला कोल्हा दिसतो, ते सोड. लोकांचं काय, चार वर्सांनी इसरतील. पन काल तू कामावर गेल्यावर मी दार लावून म्हनून बगलं. तुझं नाव घालून. खाडीपरयंत आली आन मनाच तो रस्ता दिसला, बाय. तुझ्या नावाफुडं दिसला.”

दादू उठून मागल्या दारी गेला. तेव्हा हौसाबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

मनस्वीचे लग्न २१ एप्रिल २०२४ रोजी झाले. धवले जासईहून आणलेल्या बाईने म्हटले.