न उठलेली सभा

बॉस्टनजवळच्या वेक्सकम गावात जोथम पेटिंगिलची पिंपं कधी गळत नसत आणि बोलणं कधी थांबत नसे. पिंप घडवायला बसला की फळ्या ठोकता ठोकता तो समोरच्याला एखादी हकिगत सांगायला घ्यायचा. पिंप तयार होऊन गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं तरी हकिगत अर्धीच असायची. बोलायची हौस त्याला आजोबांकडून आली होती. इंग्लंडच्या जुन्या जॉन राजाला सरदारांनी कुरणात गाठून सनदेवर कसा शिक्का उठवायला लावला, हे ते दर हिवाळ्यात चुलीपाशी सांगत. सांगण्याचा थाट असा, की जणू त्या दिवशी सरदारांचे घोडे यांनीच धरले होते. "बरोबरीच्या माणसांनी निवाडा दिल्याशिवाय राजालाही कुणाला हात लावता येत नाही, पोरा," एवढं वाक्य ते खालच्या आवाजात म्हणत.

जोथमने ते वाक्य मनावर घेतलं. तरुणपणी एका तारवाच्या कप्तानावर जकात चुकवून काकवी आणल्याचा खटला झाला, तेव्हा निवाडा देणाऱ्या ज्यूरीच्या बारा गावकऱ्यांत तोही होता. त्यांनी कप्तानाला सोडून दिलं. पुढे असले खटले ज्यूरीपुढे चालवायचेच नाहीत, पार हॅलिफॅक्सला न्यायचे, तिथे एकटा न्यायाधीश निकाल देईल, असं या मुलखावर राज्य करणाऱ्या लंडनहून ठरून आलं. जोथम महिनाभर धुमसत होता. "माणूस इथला, काकवी इथली, आणि न्याय मात्र बोटीत बसून आणायचा!"

मग बॉस्टनमध्ये राजाच्या करावर चिडलेल्या लोकांनी बोटींवरचा चहा समुद्रात फेकला. राजाने बंदराला टाळं ठोकलं आणि उन्हाळ्याच्या अखेरीस नवा कायदा आला. यापुढे ज्यूरीची माणसं गाव नव्हे, राजाच्या गव्हर्नरचा शेरीफ निवडणार. मार्चातली निवडणुकीची सभा सोडली, तर गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय गावसभा बोलवायची नाही.

जोथम त्या वर्षी गावसभेचा अध्यक्ष होता. मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज गावात त्याचाच. त्या दिवशी जेवताना तो पहिल्यांदाच गप्प बसला.

"अहो, बरं वाटत नाही का?" त्याच्या बायकोने, थँकफुलने, विचारलं.

"सभा बोलवता येणार नाही. बॉस्टनला धान्य पाठवायचंय, पूल मोडलाय, आणि बोलायचं कुठे?"

थँकफुलने त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला. "बोलवायची कशाला? मार्चातली सभा तुम्ही उठवलीत तरी कधी? तुमचं भाषण चाललं होतं, गाईंची धार काढायची वेळ झाली. 'उरलेलं पुन्हा बोलू' म्हणालात आणि जो तो घरी गेला."

जोथमचा चमचा हवेतच राहिला. मग तो इतका हसला की ठसका लागला. बायकांना सभेत मत नव्हतं. असतं, तर अध्यक्ष कोण झाला असता हे तो मनातून जाणून होता.

तेव्हापासून मार्चातली सभा दर आठवड्याला पुढे चालू लागली. पुलाचं ठरलं, धान्याची पोती आणि मेंढ्या बॉस्टनला रवाना झाल्या, बंदुकीच्या दारूचंही बोलणं निघालं. बातमी गव्हर्नरच्या कानावर गेलीच.

एका दुपारी सभाघराबाहेर राजाच्या लाल डगलेवाल्या शिपायांची तुकडी येऊन उभी राहिली. आत आला तो नायब शेरीफ एलिफलेट. हा थँकफुलचा धाकटा भाऊ, गावातच वाढलेला, हिवाळ्यात लग्न झालेला.

"राजाच्या नावाने सांगतो, ही सभा बेकायदा आहे. उठा सगळे!"

"आधी टोपी काढ," जोथम म्हणाला. "कुठे आलायस?"

एलिफलेटने टोपी काढली. "दाजी, उगाच फाटे फोडू नका. परवानगीशिवाय सभा बोलवायची नाही, असा कायदा आहे."

"बोलावलीय कुणी? ही मार्चातलीच आहे. मध्ये जरा जेवायला गेलो होतो."

"मार्चपासून जेवत होतात?"

"वाढणारी तुझी बहीण होती!" मागून कुणीतरी ओरडलं आणि बाकं हसण्याने हादरली.

"मार्चातली सभा केव्हाच संपली, दाजी. सगळ्यांना ठाऊक आहे."

"असं? गावची मोकाट डुकरं धरायला तुला कुठल्या सभेने नेमलं?" नव्या नवऱ्यामुलाच्या गळ्यात ते काम मारायची वेक्सकमची जुनी खोड होती.

"मार्चातल्या."

"मग ती संपल्याचं मी म्हटलेलं तू ऐकलंस?"

एलिफलेट घुटमळला. "नाही... मी धार काढायला गेलो होतो."

"आम्हीपण!"

इतक्यात घामाने निथळलेला तुकडीचा कप्तान दारात आला. "संपली का सभा?"

"साहेब, ते म्हणतात मार्चात सुरू झालीय," एलिफलेट म्हणाला, "आणि... मलाही आठवतं, ती उठली नव्हती."

कप्तानाने बाकांवरच्या दांडग्या शेतकऱ्यांकडे पाहिलं, मग बाहेर उन्हात उभ्या शिपायांकडे. "सभा भरू देऊ नका, एवढाच मला हुकूम आहे. भरलेलीचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही." आणि तुकडी आल्या वाटेने परत गेली.

आनंदाने टोप्या उडाल्या. पण एलिफलेट जायला वळला तशी असाहेल लोहाराने दाराला पाठ लावली. "हा कुठे चालला? राजाचा हुकूम घेऊन आपल्याच गावात येतो! डांबर तापवा रे, अंगभर फासू याच्या! वर चिकटवायला पिसं मी आणतो!"

चार हात एलिफलेटच्या डगल्याला भिडले. जोथमने लाकडी हातोडा टेबलावर असा आपटला की दांडा निसटला.

"कुणी आरोप ठेवला? कुणी ऐकून घेतलं त्याचं? राजा हेच करतो म्हणून तर आपण ओरडतोय ना!"

"तुझा मेहुणा म्हणून बोलतोयस!"

"म्हणूनच मी खुर्चीतून उतरतो. गावातले बारा जण निवडा. असाहेल, तूही बस त्यात."

जोथम खुर्चीपुढच्या पायऱ्या उतरला. बारा जणांनी उलटा कौल दिला, तर थँकफुलला तो काय तोंड दाखवणार होता?

ज्यूरी सभाघरामागच्या घोडशाळेत बसली. एलिफलेट पुढे उभा राहिला. "मी नाही म्हटलं असतं, तर शेरीफने परका कुणी धाडला असता," तो म्हणाला. "त्याने कप्तानाला काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक. तरी, आलो तो मीच. ही नेमणूक आता मला नको." त्याने नेमणुकीचा कागद खिशातून काढून असाहेलच्या हाती दिला.

बारा जणांचं बोलणं बराच वेळ चाललं. निकाल सांगायला असाहेलच बाहेर आला. "नायब शेरीफ म्हणून निर्दोष. डुकरं न धरल्याबद्दल मात्र दोषी. माझं सलगमाचं वावर पार उकरून ठेवलंय त्यांनी. आजपासून कामाला लागावं."

संध्याकाळी थँकफुलने भावाला उंबऱ्यातच झाप झाप झापला आणि मग हाताला धरून जेवायला बसवला. असाहेलही आला, सफरचंदाच्या दारूचा घडा घेऊन.

"गर्दीत होतो, तेव्हा कधी एकदा डांबर तापतंय असं झालं होतं," तो जोथमला म्हणाला. "घोडशाळेत बसलो, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात उचलेना."

जोथमने यावर काहीतरी लांबलचक बोलायला तोंड उघडलं, पण मेहुण्याला रडत रडत खाताना पाहून त्याने घेवड्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

पुढे राजाशी लढाई पेटली. दुखऱ्या गुडघ्यांमुळे जोथमला जाता आलं नाही. त्याने शिपायांच्या खारवलेल्या मांसासाठी पिंपं घडवली. एलिफलेट गेला आणि एका कानाने बहिरा होऊन परत आला. राजाचा अंमल गेल्यावर बंद पडलेली न्यायालयं पुन्हा उघडली, तेव्हा ज्यूरीसाठी गाव दरवेळी जोथमचं नाव सुचवायचं. बाकीचे अकरा जण कुरकुरत. त्यांना घरी पोचायला उशीर व्हायचा, पण जोथमने एकेकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्याशिवाय कधी कुणाला कौल देऊ दिला नाही.