माझ्या दुधावर त्यांचा उपास

"तोंड उघड! उघड की रं!" माझं बोट त्याच्या घशापातूर गेलं, त्यो चावला, मी परत घातलं. बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा भाईर आला, वला गच्च. हनुवटी वली, झबलं वलं, आन् फरशीवर ती काचंची बाटली आडवी पडल्याली, तिच्यातलं पाणी मोरीकडं चालल्यालं. बाटलीवर पट्टी चिकटवून लिवलं होतं: उपाशी. हात लावू नये.

किती प्यायला? का नुसता बोळाच चोकला? माझं वरसाचं पोर, त्याला काय इचारायचं. मी त्याला उपडा केला, पाठीवर थापट्या मारल्या, त्यो रडाय लागला आन् मी त्याच्या तोंडावर हात दाबला. व्हय, दाबला. रडणं भाईर ऐकू गेलं असतं तर माझं काम गेलं असतं. पोरगं कॉलेजच्या लॅबमधी आणायचं न्हाई, हे लॅब चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी पयल्याच दिवशी बजावल्यालं.

मग आणलं कशाला, म्हणाल. सकाळी सासू म्हणली, "मी काय तुमची आया हाय व्हय? माझं गुडगं दुकत्यात आज." नवरा चिंचोळीला, एमआयडीसीत, पयल्या पाळीला गेल्याला. मग पोराला काय खुंटीला अडकवू? पदराखाली झाकून नेलं आन् भांडी धुवायच्या खोलीत टबात बशीवलं. माझं काम तितंच. जंतू वाढवायच्या बाटल्या, नळ्या, थाळ्या घासायच्या. मी सातवीत शाळा सोडल्याली, मला घासायलाच ठेवणार की.

ती बाटली ताईची. ताई म्हंजे तितं संशोधन करणारी पोरगी. माझ्याहून थोरली, आन् मलाच मावशी म्हणती. तिचं बाटल्या हलवत ठेवायचं मशीन बंद पडलं म्हणून तिनंच बाटली माझ्या खोलीतल्या स्टुलावर आणून ठेवली. "आलेच मावशी," म्हणून गेली. मी नळाकडं तोंड करून उभी. टबातनं हे कवा उतरलं, कवा रांगत गेलं, मला कळलंबी न्हाई.

आन् मला भ्या कशाचं वाटलं सांगू? त्या बाटलीत काय हाय ते मला म्हाईत होतं, त्याचंच. काय म्हाईत नसतं तर बरं झालं असतं.

मागं एकदा मी तिला इचारलं होतं, "उपाशी का लिवता ओ ताई?" तर हसाय लागली. "यांचा कडक उपास आहे मावशी. साबुदाणासुद्धा नाही." मग सांगितलं तिनं, जरा टिंगल करत करत. म्हणली, जंतूत एकच लांबलचक धागा असतो, कड्यासारखा गोल. त्याला क्रोमोसोम म्हणत्यात. त्याचं सगळं त्यात लिवल्यालं. एकाचे दोन व्हायचे तर आदी त्या धाग्याची नक्कल झाली पायजे, दोगांला एकेक मिळायला पायजे. मायंदाळ खायला असलं की हे असले हावरट, पयली नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू करत्यात. म्हंजे लेक जन्मती तीच पोटात नातीची तयारी घिऊन.

"आन् उपाशी असलं की?"

"मग नवी नक्कल सुरूच करत नाहीत. हातात घेतलेली असते ती तेवढी पुरी करतात, वाटून घेतात, आणि बारीक होऊन बसतात."

"मरत न्हाईत?"

"मरायला काय झालंय? वाट बघतात. खायला पडलं की उठतात, परत धागा, परत नक्कल."

अर्दा धागा कुणाच्या पदरात घालत न्हाईत, हे मला तवा लई आवडलं होतं. माणसं घालत्यात.

तर त्या दिवशी ताई परत आली तवा मी फरशी पुसली होती आन् पोरगं टबात, वर टॉवेल, तोंडात माझं बोट. बाटली तिनं उजेडात धरली.

"सांडली? मावशी, सांडली ही?"

"फडकं लागलं ओ."

"फडकं लागलं! माझं अख्खं काम गेलं, कळतंय का? आंधळ्या आहात का तुम्ही?"

मी मान खाली घातली. मग आडूनच इचारलं, "ताई, समजा हे कुणाच्या पोटात गेलं तर?"

"का, प्यायचंय तुम्हाला?" ती ओरडलीच. "प्या की! उपाशीच आहेत, पोटात खायला मिळालं की उठतील सगळे!"

आन् निगून गेली. तिला वाटलं असंल लई झ्याक टोमणा मारला.

उठतील सगळे. तेवढंच डोक्यात बसलं. घरापातूर रिक्षात तेच. पोराच्या पोटात बारीक होऊन बसल्याले हायत, वाट बघत्यात. मी पाजलं की त्यांचा उपास सुटंल. माझ्या दुधावर सुटंल. एकाचे दोन, दोनाचे चार, लेकीच्या पोटात नात. न्हाई पाजलं तर नवी नक्कल सुरू न्हाई. एवढंच माझ्या हातात होतं, न्हाई पाजणं. हसू नका. तुमी तितं नव्हता.

घरी आल्यावर त्यो पदराला झोंबाय लागला. मी उकळल्यालं पाणी चमच्यानं दिलं, त्यानं थुकलं. रडला. परत झोंबला. माझी छाती दगडावानी झाली, ब्लाउज भिजून गेला, दूध पोटावर वघळाय लागलं आन् मी भिताडाकडं तोंड करून बसले.

सासू आली दारात. "अगं पाज की त्याला. काय बधिर झालीस का?"

"न्हाई पाजायचं. पोटात जंतू हायत त्याच्या. उपाशीच ठेवायचं."

"कोण म्हणतं?"

"कॉलेजात सांगितलंय."

"कॉलेजात भांडी घासती आन् डाक्टरीण झाली! एकादशी मी धरती गं भवाने, ह्या लेकरानं कुटली एकादशी धरलीया?"

"तुमी सकाळी सांभाळला असता तर ही वेळ आली नसती!"

"माझ्यावर ढकलती व्हय? आई हायस का वैरीण?"

तिनं वाटीत दूध-साखर कालवली. मी वाटी हिसकली, ती सांडली, तिनं मला ढकललं, मी तिला. खरंच. शेजारीण दारात यिऊन बघत उभी ऱ्हायली, आत काय आली न्हाई.

मग त्याचं रडणं बारीक झालं. त्येच वाईट. मोठ्यानं रडत होता तवा मी घट्ट होते. आता नुसतं किरकिर, मान खांद्यावर टाकल्याली, वठ कोरडं. मला वाटलं, हे बी बारीक होऊन बसाय लागलं का काय. आन् तवा टकुरं फिरलं माझं. जंतूला उपास जमतो, त्याला दम धरता येतो. माझ्या पोराला कुटनं येणार? तरी पाजायचं धाडस होईना. पाजलं आन् ते उठले तर?

कुणाला इचारू? ज्याला इचारीन त्याला सांगावं लागणार की पोरगं लॅबमधी न्हेलं होतं.

उचलला आन् पळत कॉलेजात गेले. ऊन कलल्यालं, मोठ्या बाई गाडीपाशी उभ्या, निगायच्या बेतात. सगळं एका दमात सांगितलं, बोळा, बाटली, खोटं फडकं, सगळं.

"मूल लॅबमध्ये आणलंस?" ह्येच पयलं. "नियम सांगितला होता ना तुला?"

"बाई, पोरगं वाचंल का सांगा आदी."

"दूध कधी पाजलंस?"

"न्हाई पाजलं. उठू नयेत म्हणून."

त्यांला आदी कळलंच न्हाई. मग कळलं आन् त्यांचं तोंड असं झालं, जसं मी त्यांच्या अंगावर थुकले. "मूर्ख आहेस का? हे लॅबमधले पाळीव जंतू, निरुपद्रवी. यांचे भाऊबंद त्याच्या पोटात आधीच असतात. तो उपाशी राहिला म्हणून ते थोडेच उपाशी राहतात? पाज त्याला. इथेच, आत्ता. आणि मग डॉक्टरला दाखव."

मी तितंच पायरीवर बसून पाजलं. कसा ओढत होता, घुटक्या घुटक्यानं, मला कळ यीत होती आन् बाई घड्याळ बघत होत्या. त्याचं झाल्यावर म्हणल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

डाक्टरनं बघितलं. पोरगं ठणठणीत हाय. काय म्हंजे कायबी झालं न्हाई त्याला.

आता सगळ्यांलाच शाणपण आलंय. सासू म्हणती, गप पाजलं असतं तर पोरगंबी रडलं नसतं आन् कामबी ऱ्हायलं असतं. ताई रस्त्यात भेटली, म्हणती, मला तरी खरं सांगायचं मावशी. हिलाच तर इचारलं होतं मी.

म्हणून तुमाला इचारते, वाचणाऱ्यांला. छाती दुधानं फुटाय आल्याली, पोर पदराला झोंबतंय, आन् पोटात त्याच्या काय उठंल ते म्हाईत न्हाई. इचारलं तर काम जातंय. तुमी काय केलं असतं? पाजलं असतं? खरं सांगा, पाजलं असतं?