पत्र्याचं घर मोजायचं नाही

कटर माझ्या बोटावरून गेला तेव्हा वर्गात कुणी ओरडलं नाही. मीही नाही.

टेबलावर शहराच्या एका भागाचा नकाशा पसरलेला होता. शहराच्या कडेला भैरवगढ हा भाग, त्याच्या अलीकडे नाला आहे, नाल्याकाठी आमची वस्ती. नकाशात त्या जागेवर मी डावा पंजा उघडा ठेवला होता. सरांनी स्टीलची पट्टी माझ्या बोटांना टेकवली.

"हात काढ."

मी काढला नाही. त्यांनी कटर ओढला. मधल्या बोटाचं पेर उघडलं. रक्त कागदावर आलेलं दिसलं, दुखलं मागाहून.

"मी सांगितलं होतं," सर म्हणाले. मराठीत. शहर हिंदी मुलखातलं, बाकी सगळ्यांशी ते हिंदीत बोलत. मराठी माझ्या एकटीसाठी.

विद्यापीठात सार्वजनिक धोरण आणि नियोजनाचा विभाग आहे. शहर कसं वाढवायचं, रस्ता कुठून न्यायचा, कुणाला कुठे ठेवायचं, हे तिथे शिकवतात. मी प्रवेश परीक्षा देऊन आले होते. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून सर खूश झाले. "अरे वा, आपल्यातलीच! कुठले तुम्ही?" आजोबा भुसावळहून इथे रेल्वेच्या नोकरीवर आले, असं मी सांगितलं.

"रेल्वेत काय होते?"

"गँगमन."

मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हं," म्हणाले. त्यांच्या खोलीत पगडीवाल्या पणजोबांचा फोटो आहे. जुन्या संस्थानच्या दरबारात होते ते. त्या "हं"नंतर 'आपल्यातली' हा शब्द मी परत ऐकला नाही.

दुसऱ्या सहामाहीत महापालिकेसाठी करायचं सर्वेक्षण आलं. प्रत्येकाला शहराचा एकेक तुकडा. माझी वस्ती सरांनी मलाच दिली. "तुला तिथून कोणी हाकलणार नाही." वर्ग हसला. मीही हसले. ते हसू आज आठवलं की तोंडात थुंकी जमते.

नियम सोपा होता. घराघरात जायचं, फॉर्म भरायचा. नकाशात घर पिवळं करायचं, मोकळी जागा पांढरी सोडायची. छत पक्कं नसेल तर ते बांधकाम नाही, मोजायचं नाही. शेवटी पाहणी करणाऱ्याची सही: 'जागेवर जाऊन पाहिले.'

मी गळ्यात विद्यापीठाचं कार्ड घालून माझ्याच गल्लीत फिरले. मान वर करून छतं बघत. ज्या मावशीने मला कडेवर खेळवलं तिचं दार मी ओलांडून गेले. पत्रा होता. हुशार विद्यार्थिनी होते मी. नियम पाळला.

संध्याकाळी आई छपाईच्या कारखान्यातून आली. ती कापड रंगवते. कोपरापर्यंत हात निळे, ओले.

"आपला फॉर्म भरलास का गं?"

"आपला नाही भरायचा, आई. पत्रा आहे ना."

आई थांबली. "मग आपण राहतो कुठे?"

मी तिला नियम समजावू लागले. तिने मला मारलं. जन्मात पहिल्यांदा. गालावर पाचही बोटं उमटली, निळी. साबणाने गेली नाहीत. मी तशीच वर्गात गेले.

"मैडम, होली तो अभी दूर है!" कुणीतरी म्हणालं.

त्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाने सहज सांगितलं, "व्हाइट मतलब पार्किंग, यार. मेले की." म्हणजे मी पांढरं सोडलं होतं तिथे, बारा वर्षांनी भरणाऱ्या मेळ्याला येणाऱ्या गाड्या उभ्या राहणार होत्या. आईच्या चुलीवर. मावशीच्या खाटेवर. आणि खाली माझी सही.

मी परत गेले. राहिलेली सगळी दारं वाजवली. प्रत्येक घर पिवळं केलं. आमचंही. पेन्सिल इतकी दाबली की कागद खरबरीत झाला.

सादरीकरणाच्या दिवशी महापालिकेचे अधिकारी यायच्या आधी सरांनी नकाशा बघितला.

"हे पिवळं कुणी केलं?"

"मी."

"इथे घरं नाहीत."

"सर, मी राहते तिथे."

मागून आवाज आला, "अरे, इसने तो अपना झोपड़ा भी नक्शे में डाल दिया!" हशा.

सर हसले नाहीत. "राहणं वेगळं आणि घर वेगळं. तुम्हा लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या कळलेलं नाही." तेवढा तुकडा कापून तिथे पांढरा कागद चिकटवायचा होता त्यांना. मी पंजा ठेवला. पुढचं सांगितलंच.

रक्त वाहत असताना त्यांनी माझ्या उजव्या हातात पेन खुपसलं.

"आता सही कर. हात पूस आधी."

मी पेन टाकलं आणि पट्टी उचलली. स्टीलची, जड. ती त्यांच्या तोंडावर हाणावी, दात पडेपर्यंत हाणावी, असं मला वाटलं. हे मी लपवणार नाही. सर एक पाऊल मागे गेले. दरबारी घराण्याचा माणूस माझ्या हाताला भ्याला. मी हाणली नाही. दया आली म्हणून नव्हे. मी हाणली असती तर मी चौकीत गेले असते आणि नकाशा अधिकाऱ्यांकडे.

"सही करणार नाही," मी म्हणाले. "जागेवर जाऊन पाहिलंय मी."

नकाशाचा रक्ताळलेला तुकडा फाडून घेतला, माझे फॉर्म घेतले, पट्टी घेतली आणि बाहेर पडले.

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी सही केली. जागेवर न जाता. पांढरं ठिगळ लावलेला नकाशा पुढे गेला. मला विभागाचं पत्र आलं: लेखी माफी मागा, विभागाची पट्टी परत करा, तोवर वर्गात यायचं नाही.

माझे बाबा पत्रकं वाटायचे. जयंतीला, मोर्चाला, पाण्यासाठी. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. ती वाचून मला वाटायचं, अन्याय म्हणजे कुणीतरी लाठी घेऊन येतं. कुणी पांढरा कागद घेऊन येतं, आणि खाली सही आपल्याच हुशार पोरीची मागतं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. म्हणून हे मी लिहिलं. छापून दारोदार देणार आहे.

माफी मागणार नाही. पट्टी देणार नाही. त्या पट्टीनेच आम्ही वस्तीचा नकाशा आखतोय. आई, मावशी, गल्लीतल्या पोरी. पहिलं घर आमचं आखलं. पत्र्याचं.

बुलडोझर येईल, मला माहीत आहे. येऊ दे. कटरही आणा. या वेळी नकाशावर माझ्या एकटीचा हात नसेल, आणि पट्टी आमच्याकडे आहे.